विरजण

अब्बा गाद्या पिंजायचे. बुरघाटे मास्तर
वाद घालायला उशी घेऊन यायचे. दर हिवाळ्यात तीच उशी.
दारव्हा रोडला, बंद पडलेल्या जिनिंगच्या फाटकासमोर
आमचं टिनाचं दुकान. तांत वाजायची,
कापूस उडायचा, मास्तरांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या
आणि ते म्हणायचे, "हं, यासीन. सांग. कोठं हाये तो?"

अब्बांनी बाळापूरला मदरशात दोन हिवाळे काढलेले.
तेवढ्यावर त्यांच्याकडे दोन शब्द होते, मुमकिन आणि वाजिब.
नाण्यासारखे ते जपून खर्चायचे.
मुमकिन म्हणजे ज्याचं असणं उसनं.
मी, मास्तर, ही उशी, जिनिंग, अडाण नदी.
वाजिब म्हणजे ज्यानं कोणाकडून आणलं नाही.

"मास्तर, दही लावाले इरजण लागते ना?
थे शेजारून आणलं. शेजारणीनं तिच्या शेजारणीकडून.
साऱ्या गावानं उसनंच आणलं,
सोताचं कोणापाशीच नाही,
तं मंग पातेल्यात दही आलं कोठून?"

मास्तर चहा खाली ठेवत. "अन् त्याले कोणं इरजलं?"
"तो दूध नाही, मास्तर."

असं चालायचं. मी कप विसळत ऐकायची.
एकदा मास्तरांनी खिशातून हिरवी मिरची काढली,
देठ मोडला, गादीवर ठेवला.
"हा टाक दुधात. आंधीचं दही नको, शेजारीण नको.
रातभर ठेव. मंग बोल."

तीन दिवस अब्बा बोलले नाहीत.
चौथ्या दिवशी मुठा हातात तसाच धरून म्हणाले,
"देठावरचे थे जंतू कोठून आले?"
"तुये सवाल काही संपत नाहीत, यासीन."
"संपाले पाहिजेत. माह्यं म्हणणंच थे हाये.
कोठंतरी संपाले पाहिजेत."
"अन् माह्यं म्हणणं, काऊन?"

त्यावर दोघंही बाहेर बघत बसले.
बाहेर काही नव्हतं. एक बकरी.

खोकला वाढला तेव्हा मास्तरांनी हळूच विचारलं,
"छातीत कापूस भरला तुह्या. हेबी त्यानंच लिहिलं?"
अब्बांनी उत्तर दिलं नाही.
उशी उलटी केली, दुसऱ्या बाजूनं शिवण उसवायला घेतली.
मला वाटलं ते हरले.
अजून कधी वाटतं, तो प्रश्नाचा मान होता.

मग तो मे महिना. अम्मी माहेरी,
घरातलं दही किडलं, विरजण तुटलं.
अब्बांनी मला वाटी देऊन मास्तरांच्या घरी पाठवलं.
मास्तरीणबाईंनी चमचाभर घातलं, पदरानं झाकून दिलं.
मागून मास्तर ओरडले, "सांग तुह्या बापाले,
देठाचं हाये थे!"

मी सांगितलं. अब्बा इतके हसले
की खोकल्यानं भिंतीला टेकले.
सकाळी दही कापता येईल असं लागलेलं.
बोटानं चाखून म्हणाले, "आंबट हाये. मास्तरावर गेलं."
आणि बिस्मिल्ला म्हणून जेवले.

अब्बांच्या मय्यतीला मास्तर
कबरस्तानाच्या फाटकात चपला हातात घेऊन उभे होते.
दुआला हात उचलले नाहीत.
सगळे परतल्यावर आत गेले, तीन मुठी माती दिली,
कोणीतरी शिकवल्यासारखी, नीट.
पुढच्या हिवाळ्यात उशी घेऊन आले.
दुकानात भावानं मोटारीचं मशीन बसवलेलं.
पाच मिनिटांत पिंजून झाली.
मास्तर तरी तासभर बसले.

मी आता पुसदला. लग्नानंतर एसटीतून
स्टीलच्या डब्यात तेच दही मांडीवर आणलं होतं.
लोक म्हणतात विरजण पडलं, म्हणजे कामाचा नास झाला.
मी रोज रात्री पाडते.
दूध कोमट झालं की करंगळी बुडवून बघते,
चमचाभर कालचं आजच्यात ढवळते.
हे उसनं मास्तरांचं, की त्या देठाचं,
की देठाला ज्यानं दिलं त्याचं,
झाकण ठेवेपर्यंत रोज ठरवायचं म्हणते.
तेवढ्यात धाकटा उठून पाणी मागतो.